पोटरीतला गोळा

बाळंतिणीसाठी वेगळी खोली काढावी एवढं आमचं कोपरखैरण्याचं घर मोठं नव्हतं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा आणि वर बाबांनी पत्रे टाकून काढलेला माळा, ज्यावर दुपारी पाय ठेवला तर चटका बसायचा. म्हणून ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे करायचं ठरलं तेव्हा आत्याने पुढच्या खोलीत आडवी दोरी बांधली, तिच्यावर आपली दोन जुनी लुगडी टाकली आणि पडद्यापलीकडचा भाग ताब्यात घेतला. अलीकडे बाबांची खुर्ची, टीव्ही, बुद्धाची तसबीर आणि माझी अकरावीची पुस्तकं. बाबा तुर्भ्याच्या कंपनीतून पाळी संपवून यायचे, हातपाय धुवायचे आणि बाळ झोपलंय म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. बातम्या देणारी बाई तोंड हलवायची आणि बाबा मान हलवायचे. आई म्हणायची, "ह्यांना घरात बोलणारं कुणी नकोच असतं. ही बाई बरी आहे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर महाडकडचं गाव सोडून ती आमच्याकडे आली ती कायमची. बाबा तिला अक्का म्हणायचे, आई वन्सं म्हणायची आणि गल्लीतले लहानथोर सगळे आत्याच म्हणायचे. गल्लीत कुणी बाळंतीण असली की आत्याला बोलावणं यायचंच. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालणं, बाळंतिणीचं अंग चोळणं, शेक, धुरी, सगळं तिच्या हातचं. तिचे हात काळे, रुंद आणि कायम तेलकट असायचे, आणि तिच्या हाताखालून निघालेली बाई तशीच झोपी जायची. आत्याचा सगळा विश्वास उष्णतेवर. थंड हा तिच्या लेखी जगातला एकमेव शत्रू होता. बाळंतिणीने थंड पाणी प्यायचं नाही, गार फरशीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही, कानात कापूस आणि डोक्याला रुमाल हवाच, आणि ताकाचं तर नावही काढायचं नाही. ताक हा शब्द ऐकला तरी तिचा चेहरा बदलायचा. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. आमची खाट लोखंडी, नायलॉनच्या पट्ट्यांची. आत्याने तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी सारली आणि थोड्या वेळाने खोलीत भलताच वास सुटला. पट्ट्या वितळून शेगडीत ठिबकत होत्या आणि ताई, टाके पडलेली, हसूही येतंय आणि हसताही येत नाही अशा अवस्थेत खाली खाली चालली होती. मग बाबांनी बोनकोड्यातल्या एका ओळखीच्या घरातून काथ्याने विणलेली खाट डोक्यावर घेऊन आणली. त्या खाटेवर ताई आणि खाली शेगडीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं. दिवसभर तो धूर घरात रेंगाळायचा, माझ्या कॉलेजच्या ओढणीतसुद्धा. हळिवाचे लाडू, मेथीची पेज, लसणाची चटणी आणि ओवा घालून उकळलेलं पाणी, तेही मोजकंच. मी आज माझ्या मुलीला हे सांगते तेव्हा ती म्हणते, आई, तहानलेल्या बाईला पाणी नाही द्यायचं हा कुठला न्याय? मी तिच्याशी वाद घालत नाही. तेव्हाही मी आत्याशी वाद घालत असे आणि हरत असे.

ताईला बाळंतपणात रक्त फार गेलं होतं. दवाखान्यातून सोडताना त्यांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या ताई आठवेल तेव्हा घ्यायची. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या पायात गोळे यायला लागले. कधी उजव्या पोटरीत, कधी डाव्या, कधी दोन्हीकडे. अंगठा आपोआप वर वळायचा, पोटरीचा दगड व्हायचा आणि ताई ओरडायची. वाईट म्हणजे हे बहुतेक वेळा बाळाला पाजताना व्हायचं. एकदा पहाटे ती कळ एवढी जोरात आली की बाळ तिच्या मांडीवरून सरकलं आणि खाटेच्या काठावर आईने कसंबसं धरलं. त्यानंतर ताई बाळाला घ्यायलाच घाबरायला लागली. "आई, तू धर तिला, माझा भरवसा नाही," म्हणायची. दूध तटतटलेलं असायचं, बाळ रडत असायचं आणि आई बाळाला हातांवर तोलून ताईच्या छातीशी धरून उभी राहायची. बाविशीतली माझी बहीण, जी लग्नाआधी वाशीच्या पार्लरमध्ये दिवसभर उभी राहून काम करायची, ती स्वतःच्याच पायांना भिऊन बसली होती. मला तिची फार दया यायची आणि तिची दया यावी याचा रागही यायचा.

त्या पार्लरची मालकीण आयरीन आंटी, जी ताईला सुनू म्हणायची, बाळाला बघायला आली ती अशाच एका दिवशी. आयरीन आंटी चिनी. म्हणजे तिचे आजोबा कलकत्त्याहून मुंबईला आले, ती स्वतः भायखळ्याला जन्मली, आणि तिने आयुष्यात चीन पाहिला नव्हता. तिचं बोलणं म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि रागावली की शुद्ध भायखळा. रविवारी ती चर्चला जायची, गळ्यात सोनेरी क्रूस होता. पण आत्याने तिचा चेहरा बघितला, भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं आणि मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. मागे स्वयंपाकाच्या जागेत येऊन तिने आईला हळूच सांगितलं, "आपल्यातलीच हाय. चीनमदी समदे बुद्धाचंच." आई म्हणाली, "वन्सं, तिच्या गळ्यात क्रूस आहे." आत्या म्हणाली, "दागिना कुनीबी घालतं."

आंटी खाटेजवळ बसली होती तेवढ्यात ताईला गोळा आला. आंटीने हातातली बाळाची झबली खाली ठेवली, ताईची टाच तळहातावर घेतली, पाऊल हळूच वर ढकललं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पोटरीच्या मधोमध, जिथे मांसाचे दोन भाग होतात त्या खळग्यात, टेकवून ठेवला. रगडला नाही, नुसता टेकवला. गोळा विरघळला. "ह्या जागेला माझी मम्मी पहाड बोलायची," आंटी म्हणाली. "पहाड के नीचे की जगा. डिलिवरीमदे रक्त जातं ना सुनू, मग शिरांना खायला मिळत नाय. त्या सुकतात, खेचतात. वर थंडी घुसते. म्हणून पहिले गरम करायचं, मग खिलवायचं." आत्या पडद्याला धरून उभी होती. तिच्या तोंडावरचा आनंद मला अजून दिसतो. आयुष्यभर जे ती सांगत आली ते एका परक्या देशाने कबूल केलं होतं.

पुढच्या खेपेला आंटी बिस्किटाच्या डब्यातून जाड, कागदात गुंडाळलेल्या कांड्या घेऊन आली. आत वाळलेला पाला कापसासारखा कुटून भरलेला. एक कांडी पेटवून तिचं लाल टोक तिने ताईच्या पोटरीपासून बोटभर लांब धरलं, त्या पहाडाखालच्या जागेवर, मग गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, आणि चिमणी दाणे टिपते तशी टोक पुढेमागे करत राहिली. मधूनमधून ताईला विचारायची, "चटका नाय ना? गरम बरं वाटतंय ना?" धूर निघाला तशी आत्या पुढे आली, नाक वर करून म्हणाली, "आगं, ह्यो तर दवना!" आणि खरोखर तो वास दवण्याच्या जवळचा होता. गावी तिच्या लहानपणी देवाला दवणा वाहायचे. आमच्या लोकांनी देव सोडले, आत्यानेही सोडले, पण त्या दिवशी ती धुराखाली डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "देव सुटला, पर दवना काय सुटला नाय माझ्या नाकातनं."

त्यानंतर त्या दोघींची जी गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. आंटीकडेही बाळंतिणीला महिनाभर घरात बसवत, वाऱ्याला जाऊ देत नसत, थंड पाणी देत नसत, केस धुऊ देत नसत. एकेक नियम निघायचा आणि दोघी एकमेकींना टाळ्या द्यायच्या. आंटीच्या घरी डुकराचे पाय भरपूर आलं घालून काळ्या सिरक्यात शिजवत. आत्या म्हणाली, आमी बकऱ्याचं पाय शिजवतो, आणि शेवटी बकऱ्याच्या पायांचा आंटीच्या पद्धतीचा आंबट रस्सा झाला, जो बाबांनी चोरून प्याला. आंटी एक काढा द्यायची, त्यात ज्येष्ठमध आणि कुठल्याशा फुलझाडाची पांढरी मुळी, आणि बरोबर सुकवलेली लाल बोरं. ती एक मात्र वेगळं सांगायची, की गरम पाणी भरपूर पाज, चहासारखं घोट घोट, कारण रस्सा नसेल तर दूध कुठून येणार. आत्याने तिचं ऐकलं. माझं कधी ऐकलं नव्हतं.

गोळे कमी झाले. कांडीमुळे, काढ्यामुळे, पाण्यामुळे की आईने आता रोज हातावर ठेवलेल्या दवाखान्याच्या गोळ्यांमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ताई बाळाला स्वतः मांडीवर घ्यायला लागली. घर हलकं झालं. आत्याने कांडी फिरवायला शिकून घेतली आणि आंटी येवो न येवो, रोज दुपारी ती तसबिरीपुढच्या मेणबत्तीवर कांडी पेटवायची, हात जोडायची आणि पडद्याआड जायची. आंटीने सांगितलेलं तिने आपलंसं केलं आणि त्यात आपलंही घातलं. सकाळी तेल लावून जोराने चोळणं हे तिचं, दुपारी कांडी हे आंटीचं.

सव्वा महिना संपायला थोडेच दिवस राहिले असताना ताई म्हणाली, "आत्या, डाव्या पायात परत दुखतंय." आत्या म्हणाली, "मोरीत अनवानी हुबी राह्यलीस काल, बघितलं मी. वारं शिरलं." तिने जास्त तेल घेतलं आणि जास्त चोळलं. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "हे वेगळंच आहे गं. गोळा येतो आणि जातो. हे जातच नाहीये." मी तिच्याजवळच बसले होते. पोटरी तुकतुकीत दिसत होती आणि पैंजण डाव्या घोट्यात रुतलं होतं. आत्याने पैंजण काढून ठेवलं, पाय आपल्या मांडीवर घेतला आणि घाम येईस्तोवर चोळला. ताई ओठ चावून पडून राहिली, कारण एकदा बरं केलेल्या हातांवर तिचा विश्वास होता. आम्हा सगळ्यांचाच होता. मग कांड्या संपत आल्या म्हणून आत्याने मला वाशीला पाठवलं.

आयरीन आंटी एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती. दोरा दातात धरूनच तिने मला विचारलं, बाळ कसं आहे, सुनू कशी आहे. मी सांगितलं, परत दुखतंय, कांड्या हव्यात. तिचा हात थांबला. "दोन्ही पाय?" मी म्हटलं, नाही, डावाच. "येतं-जातं?" नाही. "सूज?" मी पैंजणाचं सांगितलं. तिने दोरा तोंडातून काढला, गिऱ्हाइकाला सॉरी म्हणाली आणि चप्पल घातली. ती बाई एक भुवई कोरलेली, एक जंगलासारखी, आरशात बघत "अहो, माझं काय?" म्हणत राहिली आणि आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला आंटी सारखी घाई करत होती.

घरी आल्यावर तिने कांडी मागितली नाही. खाटेशी गुडघे टेकून बसली आणि हाताची मागची बाजू आधी ताईच्या उजव्या पायाला लावली, मग डाव्या. परत उजव्या, परत डाव्या. मग उठली आणि शेगडी पायाने बाजूला सारली. "आत्या, ह्याला आता हात लावायचा नाय. तेल नाय, कांडी नाय, काय नाय. डॉक्टर."

आत्याला ते कळेचना. "आगं, तूच शिकवलंस ना गरम करायचं?"

"थंड पायाला आग देतात. हा पाय आधीच गरम हाय. गरम पायाला कोन आग देतं?"

"मग हाय तरी काय त्ये?"

"मला नाय माहीत," आंटी म्हणाली. "माहीत असतं तर मी केलं असतं. हे माझ्या मम्मीवालं नाय, एवढंच मला कळतं. रिक्षा बाहेर उभी हाय."

आत्या भडकली. बाळंतिणीला सव्वा महिना व्हायच्या आत उंबऱ्याबाहेर काढायची, भर दुपारच्या वाऱ्यात, ही कल्पनाच तिला सहन होईना. "कांडी द्यायची नसंल तर सरळ सांग. माझी शेगडी हाय, माझं हात हायत." ती खरंच पुढे झाली आणि आंटी तिच्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिली. दोघी बुटक्या, दोघी जाड, छातीला छाती. रोज टाळ्या देणाऱ्या. कोण कोणाला ढकलेल या भीतीने मी नुसती बघत होते. शेवटी आई बोलली, जी कधीच आत्यापुढे बोलत नसे. "वन्सं, माझी मुलगी आहे. मी नेते." आत्या बाजूला झाली. मग तिनेच ताईच्या कानात कापूस घातला, डोक्याला घट्ट रुमाल बांधला आणि रडत, आंटीला शिव्या देत, बाळाला घेऊन रिक्षात आमच्याबरोबर बसली.

वाशीच्या दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली आणि ताईला लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सरळ. पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे, म्हणाल्या. बाळंतपणानंतर होऊ शकते, एका जागी पडून राहिल्याने धोका वाढतो. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करतो. "पायाला कुणी चोळलंय का?" त्यांनी विचारलं. आईने आत्याकडे बघितलं. "आता चोळायचं नाही, दाबायचं नाही. गाठीचा तुकडा सुटला तर तो छातीत जातो."

"आन् मग?" आत्याने विचारलं.

"मग श्वास लागतो. मोठा तुकडा असेल तर माणूस बसल्या बसल्या जाऊ शकतं, आजी. म्हणून तर वेळेवर आलात हे चांगलं झालं."

"व्हट निळं होतात का?"

डॉक्टर वळल्या. "होऊ शकतात. तुम्ही पाहिलंय का असं कुणाला?"

आत्या भिंतीला धरून हळूहळू बाकावर बसली आणि आपले हात पदराखाली घेतले.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात ती कुणी उघड बोलत नसे, मीही बाकावर बसून आईकडून तिचे तुकडे ऐकले. आत्याला एक मुलगी होती, रत्ना. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गावी आली, मुलगी झाली, आणि महिना पुरा व्हायच्या आत रत्ना ओठ निळे पडून गेली. त्याच्या आदल्या दिवशी तिची सासू बाळाला बघायला आली होती आणि उन्हाळा म्हणून तिने सुनेला पेलाभर ताक पाजलं होतं. आत्याने ते ताक पकडून ठेवलं. थंड पाजून माझी लेक मारली, असं तिने भावकीपुढे सांगितलं, जावयाला दारातून हाकललं. नात त्यांच्याकडेच वाढली. तो जावई, वामन, पुढे नोकरीसाठी दिघ्याला येऊन राहिला, म्हणजे आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर, आणि इतकी वर्षं दिघ्याचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं. रत्नाचाही एकच पाय सुजला होता. आत्याने तिचाही पाय चोळला होता. "माझ्याच हातानं," आत्या आईला म्हणाली, "माझ्याच हातानं गं." आई म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, वन्सं." आत्या म्हणाली, "म्हनून ती काय परत येती?"

खूप वर्षांनी मी माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, न चोळताही गाठ सुटते, आणि चोळूनही कधी सुटत नाही. त्यात तपासणी झालेली नाही, तेव्हा रत्नाला नेमकं काय झालं आणि कशाने, हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी आत्याला सांगितलं असतं. तिने ऐकलं असतं का, ठाऊक नाही.

ताई वाचली. बरेच दिवस इंजेक्शनं, मग गोळ्या, पायात घट्ट मोजे, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज घरातल्या घरात चालणं. आयरीन आंटी यायची, फक्त रस्सा घेऊन, आणि आत्याशेजारी मुकाट बसायची. आत्याने तिची माफी मागितली नाही, पण तिच्यासाठी चहात आलं जास्त घालायची. बाळाची अंघोळ आई करायला लागली. गल्लीतून बोलावणं आलं तर आत्या सांगायची, हातात कळ येते. तेलाची वाटी कुणी समोर ठेवली तर उठून जायची. तिचे हात इतके कोरडे मी कधी पाहिले नव्हते आणि ते बघून मला रडू यायचं.

एका रविवारी तिने पांढरं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल पमे, दिघ्याला जायचं हाय." बाबा म्हणाले, अक्का, मी येतो. ती म्हणाली, नको, पुरुष आला की बोलनं वाढतं. बसमध्ये तिने खिडकी बंद करायला लावली नाही. वारा सगळा तिच्या तोंडावर येत होता.

नात्याने ते माझे दाजी, पण वयाकडे बघून मी मामाच म्हटलं. वामनमामांचं घर चढावर, कंपन्यांच्या मागच्या वस्तीत होतं. दार उघडंच होतं. एक मुलगी ओले केस झटकत होती, माझ्याहून थोडी मोठी. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. त्या मुलीला काही कळलं नाही, तिने आत हाक मारली, "पप्पा, कोनतरी आलंय." वामनमामा बाहेर आले. केस पिकलेला, शांत माणूस. त्यांनी आत्याला ओळखलं, क्षणभर दाराची चौकट धरली आणि म्हणाले, "मामी. आत या."

आत्या आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिने सगळं सांगितलं. ताईचा पाय, गाठ, डॉक्टर काय म्हणाल्या ते. "तुज्या आयच्या ताकानं काय नव्हतं झालं वामना. मी उगी तिला बोल लावला. ती गेली त्यो बोल घेऊन. पाय मी चोळला व्हता. रोज चोळला. रत्ना माज्या हातानं गेली." बोलताना तिने हात पुढे धरले होते, तळवे वर.

वामनमामा खाली बसले, तिथेच उंबऱ्यावर. त्यांची मुलगी कंगवा हातात धरून आतल्या दारात आली होती.

"मामी, तुमाला एक सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "कोनालाच नाय. त्या दिवशी मी आलतो. तुमी धुनं घेऊन नदीवर गेला व्हता. बाळंतिनीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, पर मी गेलो. तिचा पाय लय दुकत व्हता. म्हनली, जरा दाबा. मी दाबला. म्हनली, जोरात. मग म्हनली, आता बरं वाटतंय." ते हसल्यासारखं काहीतरी करायला गेले. "एवढ्या वर्सांत मला वाटायचं, तेवढं तरी मी केलं तिच्यासाटी. मी गेलो आन् ती त्याच सांच्याला..." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं.

मला तेव्हा आत्याला तिथून ओढत घेऊन जावंसं वाटलं. ती आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आली होती आणि ते तिने या माणसाच्या मांडीवर नेऊन ठेवलं होतं. तिलाही ते कळलं. मग ती उंबऱ्याशी वाकली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि ज्या आवाजात ती गल्लीतल्या पोरींना दटावायची त्याच आवाजात म्हणाली, "येडा का खुळा तू? दाबल्यानं कुटं काय होतं? त्याल लावून चोळल्यानं होतं. डॉक्टरीनबाईनं सोता सांगितलं. मी इच्यारलं ना त्यांला. दाबल्यानं बरंच वाटतं मानसाला. तुज्यामुळं माज्या लेकीला जाताना बरं वाटलं, समाजलास?"

वामनमामांनी मान वर केली. त्यांना तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, पण धीर होत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आतल्या दारातून त्यांची मुलगीही माझ्याकडेच बघत होती.

"तू व्हतीस तिथं?" त्यांनी मला विचारलं. "असं म्हनल्या डॉक्टर?"

"हो मामा," मी म्हटलं. "माझ्यासमोरच म्हणाल्या."